सतरा पाटे

हल्दी नदीला हळदीचा रंग नाही.
ती राखाडी, ओहोटीला नुसता चिखल.
त्या साली सरकारला जपानची भीती होती
आणि आमच्या होड्यांची.

दहाच्या वर माणसं बसतील अशी प्रत्येक नाव
ठाण्यावर जमा करायची.
बाबांनी मोठी नाव दिली.
कारकुनानं फीत लावून लांबी लिहिली, रुंदी लिहिली,
नाळेवर रंगवलेले डोळे लिहिले नाहीत.
त्याच संध्याकाळी ती जाळली.
डांबर रात्रभर तडतडत होतं
आणि बाबा घाटावर उभे,
हातात पावती, उलटी धरलेली.

दुसरी नाव लहान. हुकुमात बसत नव्हती.
पण शिपायांना हुकूम कुठे मोजता येतो?
पलीकडच्या गावात त्यांनी डोंगेही फोडले होते.
आणि रात्री कुणाकुणाला, कसली कसली पत्रं घेऊन
पैलतीरी जायचं असायचं.

म्हणून अमावस्येला ती तळ्यात बुडवायला घेतली.
नाव बुडवणं सोपं नसतं.
जन्मभर तरंगलेलं लाकूड
पोटभर पाणी पाजलं तरी वर येतं.
वजन हवं, आणि आमच्याकडे दगड नाही.
मैलभर खणा, गाळच.
गावात दगड म्हणजे काय ते पाटे,
लांबच्या जत्रेतून डोक्यावरून आणलेले.

आईनं आधी आपला आणला.
मग खिरोदाकाकू. मग सुबासिनी मैती.
बेहरांची सून, आठवा महिना,
पोत्यावर ठेवून ओढत आली.
सतरा भरले तेव्हा नाव तळाशी बसली.
वर जलपर्णी ओढली.

मग गावभर अख्ख्या मिरच्या,
अख्खं जिरं, हळकुंडाचे तुकडे.
नदीचं नाव हल्दी, असं सुबासिनी हसायची,
आणि वाटायला पाटा नाही.

गदाधर जाना, ठाण्याचा शिपाई,
झडती झाल्यावर आमच्या ओसरीवर जेवायला बसला.
दाताखाली हळकुंड आलं.
काढून पानाच्या कडेला ठेवलं.
"पाटा कुठाय, वहिनी?"
"फुटला."
"आणि शेजारणीचा?"
"तिचाही."
तो सगळं जेवला.
तळ्यावर गेला, जलपर्णी सारून हात धुतले,
आणि ती होती तशी पुन्हा ओढून घेतली.
का, ते मला अजून माहीत नाही.
महिन्याभरात ठाण्यासमोर गोळ्या चालल्या.
बंदूक धरणाऱ्यांत तो होता म्हणतात.
नव्हता, असंही म्हणतात.

सुबासिनी मोर्च्यात पुढून तिसरी होती.

आश्विनात, सप्तमीच्या रात्री, समुद्र घरात आला.
पहाटे वारा पडला तेव्हा
तळं कुठलं, नदी कुठली, कळेना.
आईनं ताडाच्या शेंड्यावरून जागा हेरली.
बायका दम धरून खाली गेल्या,
काळ्या पाण्यात बोटांनी चाचपत
एकेक पाटा ढकलला.
कितवा कुणाचा, कोण बघतंय.
मग नाव आपली आपण उठली.

तीन दिवस बाबा झाडांवरून, छपरांवरून
माणसं उतरवत राहिले.
किती, ते लिहायला कारकून नव्हता.

पाच वर्षांनी शाळेपुढे झेंडा चढला.
बत्तासे वाटले.
शहरातल्या पाहुण्यांनी नावांची यादी वाचली,
सुबासिनीचं सुहासिनी झालं.
कुणी दुरुस्त केलं नाही. बँड वाजत होता.

पुढच्या चैत्रात तळं आटलं,
तेव्हा बायका चिखलात उतरल्या.
अकरा सापडले. आमचा नाही.
उरलेला एक आईनं घरी आणला,
उंबऱ्यावर पालथा ठेवून धुतला.
त्याचा खळगा डावीकडे कललेला.
सुबासिनी डावखुरी होती.

आईचा हात उजवा.
ती थोडी तिरकी बसायची,
पाटा फिरवून बघायची, पुन्हा होता तसा ठेवायची.
जन्मभर तिचं वाटण जाडसर राहिलं.
आम्ही तसंच जेवलो.